बेगमी : दुष्काळ आणि घर

मराठीत ‘बेगमी’ हा एक जुना, अजूनही वापरातला शब्द आहे. पावसाळ्याची बेगमी, सालाची बेगमी, लाकूडफाट्याची बेगमी असे आपण सहज म्हणतो आणि त्याचा अर्थ साठवण असा घेतो. शब्द फारसीतून आला. ‘बे-गम’ म्हणजे ज्याला चिंता नाही तो, आणि बेगमी म्हणजे मुळात निश्चिंती. निश्चिंतीसाठी जी तरतूद करायची, तिलाच पुढे बेगमी म्हणू लागले. एखाद्या समाजाने मनाच्या अवस्थेचे नाव धान्याच्या साठ्याला द्यावे, ही गोष्ट त्या समाजाच्या चिंतांविषयी पुष्कळ सांगून जाते. प्रस्तुत लेखात या बेगमीचा, म्हणजे दख्खनच्या कोरडवाहू प्रदेशातल्या कुटुंबाने दुष्काळासाठी केलेल्या तयारीचा, थोडा इतिहास पाहायचा आहे. दुष्काळाचा इतिहास आपल्याकडे बहुधा मृत्यूंच्या आकड्यांचा आणि सरकारी धोरणांचा म्हणून लिहिला जातो. दुष्काळ येण्याआधी घरात काय चालले होते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. तो न विचारल्यामुळेच ‘शेतकरी अदूरदर्शी असतो’ हे एकोणिसाव्या शतकातले सरकारी मत आजवर टिकून राहिले, असे मला वाटते.

प्रथम भूगोल. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत माणदेशात तो पाचशेच्या घरात येतो, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नसते. कोकणातली बेगमी चार महिन्यांच्या अतिपावसासाठी असते. आगोट लागण्यापूर्वी सुकी मासळी, मीठ, मिरची, सरपण घरात आले की काम झाले, कारण पाऊस कधी संपणार हे तेथे ठाऊक असते. देशावरच्या बेगमीला असा शेवट नसतो. पाऊस एक वर्ष हुकेल की तीन, हे कोणालाच सांगता येत नाही. ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीतला हिशेब या अनिश्चिततेतूनच आला आहे. घरातले धान्य चांद्र महिन्यांनी मोजलेले, पीक मात्र ऋतूंनी येणार. अधिक मास आला की पुढच्या सुगीपर्यंत बारांऐवजी तेरा महिने काढायचे. एरवी या जास्तीच्या महिन्याचे कौतुक होते, जावयाला वाण मिळते. टंचाईच्या वर्षी मात्र तो महिना धान्याच्या तळाशी येऊन बसतो. ही म्हण ज्याने किंवा जिने प्रथम वापरली असेल, त्या व्यक्तीच्या हातात धान्याचे माप असले पाहिजे. ‘जिने’ हेच अधिक संभवते. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली या मापांपैकी लहान मापे स्वयंपाकघरातली होती, आणि रोजच्या दळणातून अर्धे चिपटे कमी करण्याचा निर्णय कोणत्याही दप्तरात नोंदला गेलेला नाही.

या तयारीतली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे पेव. आज हा शब्द ‘शिकवणी वर्गांचे पेव फुटले’ अशा वाक्यांतच उरला आहे. भाषेने वाक्प्रचार ठेवला आणि वस्तू विसरली. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. तोंड एका माणसाला उतरता येईल एवढे अरुंद, आत मात्र रांजणासारखे रुंद होत जाणारे. ते काळ्या मातीत खणून चालत नाही, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पेव गावठाणात, उंचवट्याच्या पांढऱ्या मातीत किंवा घट्ट मुरमात असायचे. ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गाव ही जोडी आपल्या जुन्या कागदपत्रांत सतत भेटते. काळीत पिकायचे आणि पांढरीत पुरायचे, असा हा व्यवहार होता. आतून कडब्याचा किंवा गवताचा थर द्यायचा, उन्हात खडखडीत वाळवलेली ज्वारी भरायची, वर पुन्हा भुसा, त्यावर दगडी चीप आणि त्यावर माती.

पेवात धान्य टिकते कसे, हे समजून घेण्याजोगे आहे. धान्य सजीव असते, ते श्वास घेते. बंद पेवातला प्राणवायू धान्याच्या आणि त्यातल्या किडीच्या श्वसनाने संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. कीड मरते, बुरशीची वाढ थांबते आणि ज्वारी कित्येक वर्षे खाण्याजोगी राहते. मात्र ज्या हवेने कीड मरते तिनेच माणूसही मरतो. पेव उघडले की काही वेळ तसेच ठेवायचे, मग दिवा दोरीने आत सोडायचा. तो विझला तर उतरायचे नाही. हा नियम न पाळणारे, किंवा भुकेने घाई झालेले लोक पेवात गुदमरून मेल्याच्या हकीकती पूर्वी नेहमी ऐकू येत. टंचाईच्या वर्षी पेव उघडणे हा घरातला गंभीर प्रसंग असे. एकदा तोंड उघडून आत हवा गेली की साठा पूर्वीसारखा टिकत नाही. तेव्हा पेव यंदा उघडायचे की आणखी वर्षभर कळ काढायची, हा घरकर्त्याचा सर्वांत अवघड निर्णय होता. पुढचे साल बरे जाईल की वाईट यावर तो पैज लावत होता.

पेवाचा आणखी एक गुण म्हणजे ते दिसत नाही. मातीखालचे धान्य लष्कराला, लुटारूंना आणि वसुली करणाऱ्याला सहजी सापडत नाही. १८०२ ते १८०४ च्या दुष्काळात होळकरांच्या फौजेने आणि पेंढाऱ्यांनी केलेली नासाडी आधी आली आणि पावसाने दिलेला दगा नंतर आला. अस्मानी आणि सुलतानी ही दोन संकटे आपल्या भाषेत एकाच श्वासात उच्चारली जातात, ती उगीच नव्हेत. पेव या दोन्हींविरुद्धची तरतूद होती.

रोजच्या आणि वर्षाच्या वापरासाठी घरात वेगळी साधने होती. भिंतीच्या जाडीतच बांधून काढलेले बळद, बांबूच्या कामट्यांची विणून शेणामातीने लिंपलेली कणगी, बियाण्यासाठी राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात जपलेली मडकी. बियाण्याला हात लावायचा नाही, हा दंडक होता. तो मोडला की कुटुंबाचे पुढचे वर्षही गेले असे समजत. पिकांची निवड हीसुद्धा बेगमीच होती. परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, मुख्य. तिच्या कडेने काटेरी करडई. खरिपात बाजरीच्या ओळींत तूर आणि मटकी. अगदी हलक्या रानात हुलगा. यातले एखादे तरी हाती लागेल, असा हा हिशेब. ज्वारीचे धान्य माणसाला आणि कडबा जनावराला. कडब्याची गंजी रचून, वरून शाकारून दोन-दोन वर्षे ठेवत. दुष्काळात माणसाआधी बैल मरतो, आणि बैल मेला की पाऊस आल्यावरही पेरणी होत नाही, हे ठाऊक असल्यामुळे कडब्याच्या गंजीला धान्याच्या पेवाइतकाच मान होता. बाईच्या अंगावरची चांदी आणि दारातली शेळी या मोडता येण्याजोग्या ठेवी होत्या. दुष्काळात चांदीचा भाव उतरतो आणि धान्याचा चढतो, हे त्यातले दुखणे. सगळे गाव एकाच वेळी मोडायला निघाले की मोड घेणारा एकटाच श्रीमंत होतो.

येथे साहित्याच्या अभ्यासकांसाठी एक विषयांतर करावेसे वाटते. सासर-माहेर हा आपल्या लोकगीतांचा आणि जात्यावरच्या ओव्यांचा प्राणविषय आहे आणि आपण तो बहुतेक भावविश्व म्हणूनच वाचतो. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर, अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतल्या काही गावांत कुटुंबांच्या वर्षानुवर्षांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. या नोंदींच्या आधारे मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये असे मांडले की दूरच्या गावांशी सोयरिकी जोडलेल्या कुटुंबांत पीक बुडाले तरी खाण्यापिण्यावरच्या खर्चात कमी चढउतार होतात. पाऊस गावागणिक वेगळा पडतो. आपल्याकडे हुकला तर लेकीच्या किंवा सुनेच्या माहेरी पडलेला असेल, अशी ही तजवीज. हा सिद्धान्त सगळीकडे लागू पडेलच असे नाही. लग्ने जुळवणाऱ्यांच्या मनात पर्जन्यमापकाचा तक्ता नसतो. पण माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या ओवीतल्या बाईच्या भावाकडे, तो धान्याचे पोते घेऊन येण्याची शक्यता असलेला माणूस म्हणूनही एकदा पाहावे. त्यामुळे ओवी उणी होत नाही.

ही सगळी तयारी असूनही माणसे मरत होती. इ.स. १३९६ पासून बारा वर्षे चालला अशी परंपरा असलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण दख्खनमध्ये चारशे-पाचशे वर्षे टिकली. तेवढ्या दीर्घ अवर्षणाला कोणते पेव पुरणार? पण ज्याच्या घरातला तपशील आपल्याला माहीत आहे असा दुष्काळ १६३० ते १६३२ चा. तुकाराम महाराजांचे घराणे देहूतले सुस्थितीतले. शेती, महाजनकी, वाण्याचा व्यापार, म्हणजे धान्य पिकवणे, साठवणे आणि विकणे या तिन्ही गोष्टी ज्या घरात होत्या असे. बेगमीचे गणित अशा घरात बरोबर सुटायला हवे होते. प्रत्यक्षात दिवाळे निघाले, पत गेली, थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली आणि मुलगा संतूही गेला. पत्नीच्या या मृत्यूचा उल्लेख तुकोबांनी स्वतःच एका अभंगात केला आहे, आणि तो करताना कोठेही विशेषणे वापरलेली नाहीत. समकालीन दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी आणि इंग्रज प्रवासी पीटर मंडी यांनी याच दुष्काळाची वर्णने लिहिली, ती पुष्कळ अधिक भीषण आहेत. पण ती रस्त्यावरून पाहिलेली आहेत. घराच्या आतून लिहिलेली नोंद तुकोबांचीच.

व्यापाऱ्याचे घर आधी का कोसळले, याचे उत्तर बहुधा उधारीत असावे. गावाला धान्य उधार देणाऱ्याची संपत्ती कोठारात कमी आणि खतपत्रांत जास्त असते. सलग दुष्काळात ऋणको मरतात किंवा परागंदा होतात आणि कागद तेवढे उरतात. ही खतपत्रे तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा सांगते, आणि तीत एक बारीक तपशील आहे जो कीर्तनांत सहसा मागे पडतो : धाकट्या कान्होबाचा अर्धा हिस्सा त्याला आधी काढून दिला, आपल्या वाट्याचे तेवढे बुडवले. वैराग्याच्या या प्रसंगातही घरातल्या दुसऱ्याच्या बेगमीला हात लावलेला नाही.

तुकोबांच्या आधीच्या काळाविषयीची दामाजीपंतांची कथा याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहते. पंधराव्या शतकात बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातले अधिकारी असलेल्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुले केले, आणि बादशहाच्या शिक्षेतून त्यांना सोडवण्यासाठी विठ्ठल विठू महाराच्या रूपाने धान्याची किंमत चुकती करून आला. महिपतीने १७६२ च्या ‘भक्तिविजया’त ही कथा सांगितली आणि ती घरोघर पोहोचली. भक्तीची कथा म्हणून ती गोड आहेच. पण तिच्या मुळाशी एक कठोर निरीक्षण आहे. घरोघरची पेवे संपल्यावरही गावात धान्य असते, फक्त ते दुसऱ्याचे असते. शिवाय हिशेब चुकता करावाच लागतो, माफी मिळत नाही, हेही कथेने गृहीत धरले आहे. देवालाही रक्कम भरून पावती घ्यावी लागते.

आता एकोणिसाव्या शतकाकडे येऊ. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला तेव्हा अवर्षण पूर्वीच्या कित्येक दुष्काळांपेक्षा फार वेगळे नव्हते; घर मात्र वेगळे होते. रयतवारीत सारा रोखीने आणि ठरलेल्या हप्त्याला भरायचा. सुगीला भाव पडलेले असतात, तेव्हाच धान्य विकून पैसा उभा करायचा. त्यामुळे पेवात जायचे ते बाजारात जाऊ लागले. १८६० पर्यंत लोहमार्ग सोलापूरपर्यंत आला आणि मोठे गिऱ्हाईक दाराशी आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचे दिवस आले, रोकड खेळली, पत वाढली आणि कर्जही वाढले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज राहिले. कर्जदाराच्या खळ्यावर सावकाराचा माणूस माप घेऊन उभा असतो. पेवात टाकायला धान्य उरावे लागते.

रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणलेही, हे नाकारण्याचे कारण नाही. १८७७ मध्ये गाड्या भरभरून धान्य येत होते. पण ते किमतीला येत होते, आणि ज्याचे पीक बुडाले त्याच्याजवळ किंमत नव्हती. पूर्वीची ज्वारी पेवात होती तेव्हा ती खायला पैसा लागत नव्हता. हा फरक सरकारी अर्थशास्त्राला दिसत नव्हता असे नाही, त्याला तो महत्त्वाचा वाटत नव्हता.

१८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून खतपत्रे जाळली आणि पुणे-नगर भागात दंगे पसरले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जी मते आली, त्यांत एक ठरलेले होते : कुणबी लग्नकार्यात उधळतो, उद्याचा विचार करत नाही, म्हणून बुडतो. आयोगाने मात्र लग्ने आणि सणसमारंभ यांवरच्या खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा आपल्या पाठ्यपुस्तकांत पोहोचला नाही. उधळेपणाची कथा मात्र पोहोचली, आणि ती सुधारकी वाङ्मयातूनही पुष्कळदा ऐकू येते. जोतीराव फुल्यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लग्नादी कार्यांतल्या खर्चावर आणि भटशाहीवर कोरडे ओढले आहेत. पण ते तेथेच थांबले नाहीत. माळरानावरचे पाणी आणि माती वाहून जाऊ नये म्हणून जागोजाग बांध घालावेत, आणि त्या कामाला लष्करातले व पोलिसांतले शिपाई लावावेत, अशी सूचना त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या या पुस्तकात केली. दुष्काळाची तयारी एकेका घराच्या आवाक्याबाहेर गेली आहे, हे ज्यांना लवकर उमगले त्यांत ते होते. १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवताना त्यांनी ते जवळून पाहिले होते.

सरकारची त्या वेळची तयारी मात्र काटकसरीची होती. रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी मजुरीचा दर पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतका खाली आणला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला ते पुरत नाही हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनांमागून निवेदने पाठवली. दुष्काळ संपला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मृत्यूंचा अधिकृत अंदाजही पन्नास लाखांच्या पुढे गेला होता. त्यानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि त्याच्या शिफारशींतून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत कामे केव्हा काढायची, मजुरी किती, साऱ्याची सूट केव्हा, हे लिहिलेले होते, पण इंग्रजीत. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून या नियमांची ओळख शेतकऱ्यांना करून द्यायला सुरुवात केली. वरवर पाहता ही राजकीय चळवळ होती. पण घराच्या बाजूने पाहिले तर बेगमीत एका नव्या वस्तूची भर पडली होती. आता कणगीबरोबरच कायद्याचे कलमही घरात असावे लागणार होते आणि त्यासाठी कोणाला तरी वाचता यायला हवे होते.

याच काळात हरिभाऊ आपट्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दीर्घकथा लिहिली. तिचे इंग्रजी रूप ‘रामजी’ या नावाने १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. आपट्यांची ख्याती मध्यमवर्गीय घराची आणि ऐतिहासिक कादंबरीची. त्यामुळे या कथेकडे अभ्यासक्रमांचे दुर्लक्ष झाले आहे. तिचे मोल असे की दुष्काळ हा तिच्यात देखावा म्हणून येत नाही. एका गरीब शेतकरी कुटुंबातून एकेक आधार कसा निसटत जातो, याचा क्रम तेथे आहे.

या सर्व वर्णनात एक धोका आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पेव, बळद आणि कडब्याच्या गंजीविषयी लिहिताना जुने गाव स्वयंपूर्ण आणि शहाणे होते असे चित्र उभे राहते. पेव जमीनवाल्याचे होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत, भूमिहीनाच्या झोपडीत, अर्ध्या बलुतेदारांच्या घरांत बेगमी करण्याजोगे काही उरतच नव्हते. ‘हातावर पोट’ हा वाक्प्रचार नेमका त्यांच्यासाठी आहे. बलुत्याचे धान्य खळ्यावर मिळायचे, आणि खळेच लागले नाही तर बलुते कोठून मिळणार? दुष्काळ पडला की पहिल्या महिन्यात गाव सोडणारे हेच लोक. त्यांची तयारी वेगळ्या जातीची होती : कोणत्या रानात कोणती भाजी येते, कडूकंद किती वेळा उकळला आणि वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवला म्हणजे विषारी राहत नाही, कोणत्या गावाला मजुरी मिळते. ही माहिती आईकडून मुलीकडे जात असे. तिला साठवण म्हणत नाहीत, पण संकटात ती पेवाइतकीच उपयोगी पडली असेल.

मेंढपाळांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांची बेगमी चार पायांवर चालते. पाऊस हुकला तर पाऊस असेल तिकडे कळप घेऊन जायचे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशातल्या अशा वाडीचे शेवटी काय होते हे वाचकांना आठवत असेल. कादंबरीचा शेवट शोकान्त म्हणून शिकवला जातो. मला मात्र त्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली एक कृतीही दिसते. वाडी उठते, कारण उठणे हीच त्या वाडीची तयारी आहे. मागे एकटा उरतो तो पगारी मास्तर, ज्याला कोठे जायचे ते माहीत नाही.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा पेवे जवळजवळ इतिहासजमा झाली होती. संकरित ज्वारी १९६४ पासून शेतात आली होती. तिने उत्पन्न वाढवले. पण ती लवकर, पावसातच तयार होते, दाणा काळा पडतो, टिकत नाही, आणि ताट बुटके असल्याने कडबाही कमी येतो. म्हणजे पीक वाढले आणि साठवण आखडली. त्या दुष्काळात माणसे तगली ती अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोवर, सुकडीवर आणि मुख्यतः सरकारी कामांवर. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख लोक पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती आणि खडी फोडण्याच्या कामांवर होते. नवरा-बायको दोघे, मोठी मुले, कधी सबंध घर एकाच मस्टरवर. पाटलाची सून आणि तिच्या शेतावरची मजूर बाई एकाच रांगेत बसून खडी फोडत होत्या, हे त्या वर्षाच्या आठवणींत हमखास येते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला यानंतर कायद्याचे रूप मिळाले. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि १९७९ मध्ये अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. ज्याच्या घरी कधीच पेव नव्हते, त्याच्याही वाट्याला प्रथमच काहीतरी बेगमी आली, हे या कायद्याचे मोठे श्रेय.

घर दुष्काळासाठी बांधलेले होते, आणि एका संकटासाठी बांधलेले घर दुसऱ्या संकटात कसे वागते याची दोन उदाहरणे नोंदवून हा विषय सोडतो. लातूर-उस्मानाबादकडचे माळवदाचे घर म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया-फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. बळद मावेल एवढी जाड भिंत आणि वैशाखातही गार राहील असे छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते, लोक दमून झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे मेली, ती बहुतांशी त्या भिंतींखाली आणि त्या मातीखाली. नुकत्याच उभारलेल्या झोपड्यांत राहणारे गरीब लोक तुलनेने वाचले.

दुसरे उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूरचे. ज्वारीची पेवे गेली तरी तेथे हळदीची पेवे टिकून होती. कृष्णाकाठच्या त्या मातीत व्यापाऱ्यांची हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे आणि पेवातल्या मालावर कर्जही मिळत असे. २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, पाणी पेवांत उतरले आणि हळद जागीच कुजली. त्यानंतर साठा गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला.